भोंगा, इशारा आणि अर्थ



रस्त्याने जाणाऱ्या माणसाला इतरांना मुख्यतः दोनच गोष्टी सांगावयाच्या असतात. पहिली, 'मी येथे आहे'. आणि दुसरी, 'मी आता अमक्या बाजूला वळणार आहे'. पायी चालणारा मनुष्य खाकरतो, हात करतो आणि त्याचे काम भागते. बैलगाडीच्या काळी बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळ पहिली गोष्ट सांगे. दुसरी सांगण्याची फारशी गरजच पडत नसे. कारण गाडी वळू लागल्यापासून वळून होईपर्यंत मागच्याला विचार करण्यास भरपूर सवड मिळे. मोटार आली आणि ही सवड संपली. मग पहिल्या गोष्टीसाठी भोंगा आला आणि दुसरीसाठी लुकलुकणारा पिवळा दिवा. एरवी ह्या साधनांकडे आपले लक्षही जात नाही. भोंग्याविषयी तर आपल्या मनात रागच अधिक. आपल्या शहरांतून तो जितका कमी वाजेल तितके बरे, असे आपल्याला वाटते आणि ते योग्यही आहे. परंतु ही दोन्ही साधने एखाद्या गाडीत मुकी झाली म्हणजे काय होते, हे मी अलीकडेच जवळून पाहिले. त्याची हकीकत आज आपल्याला सांगणार आहे.

मी विजेचा शिक्षक. आयुष्यभर मुलांना ओहमचा नियम शिकविला. मोटारीचा कारागीर मात्र मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ह्या हकीकतीतली गाडी माझ्या एका दिवंगत मित्राची. तो १९६० नंतरच्या दशकात नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला होता आणि परत येताना त्याने एक छोटी स्पोर्ट्स गाडी बरोबर आणली. एमजीबी हे तिचे नाव. सन १९६५ चे तिचे बांधकाम. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डपासून जवळच ॲबिंग्डन नावाचे गाव आहे, तेथल्या कारखान्यात १९६२ पासून ह्या गाड्या निघू लागल्या. १९८० मध्ये कारखाना बंद झाला, तोवर त्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली होती. दोन माणसे बसण्याची, छप्पर उतरवून ठेवता येणारी, जमिनीलगत धावणारी ही गाडी. तिच्या इंजिनाचे घराणे मात्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. ज्या ॲम्बॅसडर मोटारीतून आपल्यापैकी अनेकांनी लग्नाची वऱ्हाडे नेली, तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि ह्या एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ही एकाच कुळातली. तेव्हा ही विलायती पाहुणी दिसायला परकी असली, तरी नात्याने चुलत बहीणच म्हणावयाची.

मित्राचे घर माहीमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस ह्यांत ती गाडी त्याने चाळीस-पन्नास वर्षे पोटच्या पोरासारखी सांभाळली. तो गेल्यानंतर ती बरेच दिवस नुसती उभी होती. मग त्याच्या नातीने ती हाती घेतली. ती रविवारी सकाळी रहदारी नसताना गाडी बाहेर काढी आणि थोडे फिरवून परत आणून ठेवी.

पाऊस संपता संपता एके दिवशी वहिनींचा दूरध्वनी आला. "भावजी, एकदा येऊन जा. गाडी विकावी की ठेवावी, हे तुम्हीच सांगा." मी गेलो. आदल्या रविवारी घडलेली गोष्ट त्यांनी सांगितली. नात डावीकडच्या गल्लीत वळत होती. तिने इशाऱ्याचा खटका दाबला होता. पण मागचा दिवा लागलाच नाही. डाव्या अंगाने पुढे जाऊ पाहणारा एक स्कूटरवाला अचानक समोर आलेली गाडी चुकविताना पडला. भोंगा दाबावा, तर भोंगाही वाजला नाही. सुदैवाने कोपर खरचटण्यावर निभावले. तो मनुष्य भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. कपडे झटकून एवढेच म्हणाला, "ताई, हात तरी दाखवायचा होता." ती मुलगी घरी आली आणि किल्ली आजीपुढे ठेवून म्हणाली, "मी ही गाडी पुन्हा चालवणार नाही."

ह्यापूर्वी गाडी एका गॅरेजमध्ये दोनदा जाऊन आली होती. तेथे इशाऱ्याची डबी, जिला फ्लॅशर म्हणतात, ती तीन वेळा बदलून झाली होती. नंतर एक गिऱ्हाईक आले होते. त्याचे म्हणणे असे की, वायरिंग सगळे कुजले आहे. ते उपटून नवे आधुनिक वायरिंग घालावे लागेल. म्हणून किंमत निम्मी. वहिनींना पैशाचे फारसे नव्हते. "पण कुणाच्या जिवावर बेतणारी वस्तू दारात ठेवायची कशी?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी म्हटले, "वहिनी, दोन रविवार द्या. त्यातून जमले नाही तर विकून टाकू. आणि नातीला माझ्याबरोबर बसू द्या."

काम हाती घेण्यापूर्वी एक मूळ तत्त्व सांगतो. वीज एकाच तारेने दिव्याकडे जाते आणि तेथे संपते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून परत बॅटरीपर्यंत असे संपूर्ण वर्तुळ जुळले तरच प्रवाह वाहतो. घरात जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन तारा असतात. मोटारीत मात्र काटकसर केलेली असते. परतीच्या वाटेसाठी तार न घालता गाडीचे लोखंडी अंगच वापरतात. ह्या परतीच्या वाटेला आपले गॅरेजवाले 'अर्थ' म्हणतात. दिवा लागेनासा झाला की ते म्हणतात, "साहेब, ह्याला अर्थ नाही." मूळ शब्द इंग्रजी, पण मराठी कानाला तो किती नेमका वाटतो! ह्या जुन्या गाडीत शंभरातले बहुतेक दोष अर्थ हरवल्याचेच असतात, हे पुढे आपल्याला दिसेल.

ह्या गाडीत आणखी एक विशेष आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते; आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. बॅटऱ्याही दोन, प्रत्येकी सहा व्होल्टच्या, एकीपुढे एक जोडलेल्या आणि आसनांच्या मागे झाकणाखाली ठेवलेल्या. दिव्याच्या तंतूला प्रवाह कोणत्या दिशेने आला ह्याची फिकीर नसते. वर्तुळ पुरे झाले की तो उजळतो. परंतु बाजारात मिळणारी आजची इलेक्ट्रॉनिक डबी विचार न करता बसविली, तर दिशा उलटी पडून ती निकामी होऊ शकते. तसेच साध्या बल्बाऐवजी नवे एलईडी दिवे घातले, तर ते इतका थोडा प्रवाह घेतात की जुन्या डबीचे लुकलुकणेच थांबते. 'नवे ते सगळे चालते' हे येथे खरे नाही.

आमचे हत्यार अगदी साधे होते. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना चिमटे. एक चिमटा गाडीच्या स्वच्छ लोखंडाला लावायचा आणि दुसऱ्याने तारेचा एकेक टप्पा तपासत जायचे. बल्ब लागला तर तेथवर वीज आली आहे. नाही लागला तर मागच्या टप्प्यावर जायचे. नातीने विचारले, "आजोबा, एवढ्या तारांतून आपली तार कोणती, हे कळायचे कसे?" हा प्रश्न मला आवडला; कारण त्याचे उत्तर जुन्या कारागिरांच्या शिस्तीत आहे.

त्या काळच्या इंग्रजी गाड्यांची विजेची उपकरणे बहुधा बर्मिंगहॅमच्या लूकस कंपनीची असत. हीच कंपनी १९६१ मध्ये मद्रासजवळ पाडी येथे टीव्हीएसच्या सहकार्याने भारतात आली. इंग्लंडात मोटारवाले तिच्या दिव्यांची थट्टा करीत आणि तिला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. कारण ह्याच तारांमध्ये रंगांची एक भाषा होती आणि ती शिकलेल्याला गाडीतला अंधार भेदता येत असे. तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली, पण किल्ली फिरविली नसतानाही जागी असणारी. हिरवी म्हणजे फ्यूजमधून आलेली आणि किल्ली फिरविल्यावरच जागी होणारी. काळी म्हणजे अर्थ. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असली, तर ती तार कोणत्या कामावर आहे हे ती रेघ सांगते. हिरव्यावर तांबडी रेघ हा डावा इशारा; हिरव्यावर पांढरी हा उजवा. जांभळ्यावर काळी रेघ म्हणजे भोंग्याकडून बटणाकडे जाणारी तार. मी हे सांगत होतो आणि ती मुलगी वहीत रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढून घेत होती. पहिला तास आम्ही गाडीला हातही लावला नाही.

पहिल्या रविवारी भोंगा घेतला. विजेच्या भोंग्याची रचना चतुर, पण समजण्यास सोपी आहे. आत एक विद्युत्चुंबक असतो. त्याच्यासमोर पोलादी पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेला लोखंडाचा तुकडा. प्रवाह सुरू झाला की चुंबक त्या तुकड्याला ओढतो आणि पडदा आत वाकतो. पण आत येता येता तो तुकडाच दोन स्पर्शबिंदू अलग करतो. प्रवाह तुटतो, चुंबकाचे बळ जाते, पडदा उसळून मागे येतो; बिंदू पुन्हा जुळतात आणि पुन्हा ओढ सुरू होते. असे सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि त्यातून आपल्याला तो परिचित आवाज ऐकू येतो. शाळेतली विजेची घंटाही ह्याच तत्त्वावर वाजते. तिच्यात हातोडी असते, येथे पडदा.

ह्या गाडीत भोंगे दोन, एक उंच स्वराचा आणि एक खर्जातला. भोंग्याला वीज सतत पोहोचलेली असते, जांभळ्या तारेने. आपण स्टिअरिंगच्या मधोमध बटण दाबतो तेव्हा वीज सोडत नाही, तर परतीची वाट मोकळी करतो. म्हणजे बटणाचे काम अर्थ देण्याचे. हे ध्यानात ठेवले की तपासणीचा क्रम आपोआप ठरतो.

प्रथम फ्यूज. इंजिनाच्या बाजूला एक छोटी पेटी आहे. तिच्यात कामाचे फ्यूज दोनच आणि दोन राखीव. जांभळ्या तारेचा फ्यूज डोळ्यांना धडधाकट दिसत होता. पण बल्ब लावून पाहिले, तर फ्यूजच्या एका टोकाला वीज होती आणि दुसऱ्या टोकापुढच्या पितळी पकडीवर नव्हती. पकडीवर हिरवट थर चढलेला. खाऱ्या हवेने पितळ आणि काच-टोपी ह्यांच्यामध्ये एक अदृश्य भिंत उभी केली होती. बॅटरीचे टोक सोडून, बारीक कागदाने पकड घासली, फ्यूज पुन्हा घट्ट बसविला. आता भोंग्याच्या जांभळ्या टोकावर बल्ब लखख पेटला.

मग भोंग्याचे दुसरे टोक एका सुट्या तारेने सरळ गाडीच्या लोखंडाला टेकविले. खर्जातला भोंगा घोगरा वाजला, आणि उंच स्वराच्या भोंग्याने नुसते 'टक्' केले. हे 'टक्' शुभलक्षण असते. चुंबक जिवंत आहे, पडदा हलतो आहे; फक्त स्पर्शबिंदू झिजल्याने किंवा गंजल्याने सुटण्याची वेळ चुकते आहे, असा त्याचा अर्थ. भोंग्याच्या पाठीशी एक छोटा स्क्रू असतो. एका वेळी एकच भोंगा जोडलेला ठेवायचा. स्क्रू हळूहळू फिरवीत, मधून मधून क्षणभर वाजवीत, आवाज नेमका बंद पडतो ती जागा शोधायची, आणि तेथून पाव फेरा मागे यायचे. स्वर चढविण्यासाठी हा स्क्रू नाही. झीज भरून काढण्यासाठी आहे. तंबोऱ्याच्या खुंटीसारखा तो पिळीत बसलात, तर भोंगा जास्त प्रवाह ओढतो आणि फ्यूज जातो. पाव फेरा मागे आलो आणि उंच स्वराचा भोंगा असा काही खणखणला, की शेजारच्या गॅलरीत वाळवणाशी बसलेले कावळे उडाले. वहिनी आतून धावत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "ह्यांचा भोंगा," एवढेच त्या म्हणाल्या. घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी एकदाच हलके वाजविण्याची मित्राची पद्धत होती, हे मला तेव्हा आठवले.

तरी बटण दाबून भोंगा वाजेना. स्टिअरिंगचे मधले बटण काढले. स्टिअरिंग फिरत असताना तार पिळली जाऊ नये म्हणून तेथे एक पितळी कडे आणि त्यावर स्प्रिंगने टेकणारी छोटी कांडी असते. कडे कितीही फिरो, कांडी त्याला टेकून राहते. पण ह्या कड्यावर जुन्या ग्रीसचा काळाकुट्ट राळेसारखा थर साचला होता. कोणीतरी कधीतरी सढळ हाताने वंगण भरले असावे. वंगण यंत्राला हितकर. विजेच्या स्पर्शाला मात्र ते कपाटासारखे बंद करते. कडे पुसले, कांडी मोकळी केली, बटण बसविले, आणि भोंगा वाजला. म्हणजे एका मुक्या भोंग्यामागे तीन कारणे होती. फ्यूजची पकड, पडद्याचा स्क्रू आणि कड्यावरचे ग्रीस. ह्यातले एकच दुरुस्त करून थांबलो असतो, तर 'भोंगाच गेला, नवा आणा' असे म्हणून मोकळे झालो असतो.

दुसरा रविवार इशाऱ्याच्या दिव्यांचा. वळण्याचा इशारा यंत्राने देण्याची कल्पना जुनी आहे. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत पूर्वी दाराजवळच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर पडे, आगगाडीच्या सिग्नलासारखा. तो अडके, मोडे, आणि पुष्कळदा ड्रायव्हरला दाराला धपका मारून बाहेर काढावा लागे. मग लुकलुकणारे दिवे आले आणि हा यांत्रिक हात इतिहासजमा झाला. दिवा नुसता लागून राहिला तर तो इतर दिव्यांत हरवतो; उघडझाप झाली तर नजर खेचून घेतो, ही त्यातली मेख. ही उघडझाप मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा व्हावी असा सर्वसाधारण दंडक आहे.

जुन्या डबीत ही उघडझाप कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. आत एक बारीक तार ताणून बसविलेली असते. तिच्या ताणामुळे दोन स्पर्शबिंदू अलग राहतात. खटका दाबला की प्रवाह प्रथम ह्या तारेतून आणि तिच्या जोडीच्या रोधातून जातो. तो क्षीण असल्याने दिवे पेटत नाहीत. तार मात्र तापते. तापली की लांबते, लांबली की ताण सैल होतो, आणि बिंदू जुळून पूर्ण प्रवाह दिव्यांकडे धावतो. दिवे उजळतात. पण आता प्रवाहाला सोपी वाट मिळाल्यामुळे तार निवते, आखडते, आणि बिंदू पुन्हा अलग करते. दिवे विझतात. ही तारेची धाप म्हणजेच इशाऱ्याचा ताल.

हा सारा हिशेब ठरावीक प्रवाहावर बांधलेला असतो. पुढचा एक आणि मागचा एक, असे प्रत्येकी एकवीस वॅटचे दोन बल्ब. मिळून बेचाळीस वॅट. बारा व्होल्टला साडेतीन अँपिअर. वाटेत कोठे गंज बसून नुसता एक ओहम रोध वाढला, तर हाच प्रवाह पावणेतीन अँपिअरच्या आसपास येतो. डबीचा ताल बिघडतो, दिवा मलूल होतो, आणि पाहणारा म्हणतो, 'डबी बिघडली.' डबी बिचारी आपल्याला जे दिसले तेच सांगत असते. आमच्या गाडीची डबी तीन वेळा बदलली गेली, ती ह्याच गैरसमजाने.

किल्ली फिरविली. पेट्रोलचा काटा हलला, वायपर फिरला. हे दोन्ही त्याच हिरव्या तारेच्या फ्यूजवर चालतात. तेव्हा फ्यूज ठीक होता. उजवा इशारा दिला, तो व्यवस्थित चालला. म्हणजे डबीही निर्दोष. डावा दिला, तर पुढचा दिवा अडखळत लागे आणि मागचा जवळजवळ दिसेनासा. मागचा बल्ब बदलला, काही फरक नाही. बल्बपर्यंत हिरवी-तांबडी तार पोहोचली होती आणि तिच्यात वीजही होती. मी विचारात पडलो. तोवर संध्याकाळ झाली होती. नात गाडीच्या मागे पायरीवर बसली होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, डावा इशारा दिला की उजवीकडचा ब्रेकचा तांबडा दिवा मंद लुकलुकतो आहे."

मी उठून पाहिले. खरेच होते. दिवसाच्या उजेडात ते कोणाला दिसले नसते. मी म्हटले, "अगं, तू चोर पकडलास." तिने विचारले, "कोणता चोर?" तो असा. मागच्या डाव्या दिव्याच्या घरात इशाऱ्याचा बल्ब आणि ब्रेकचा व रात्रीचा मिळून दुसरा बल्ब, असे दोन बल्ब शेजारी राहतात. दोघांची परतीची वाट एकच, दिव्याचे घर ज्या बोल्टांनी गाडीला बसविलेले आहे ते बोल्ट. ह्या बोल्टांचा गाडीच्या लोखंडाशी संबंध तुटला, तर इशाऱ्याच्या प्रवाहाला परतीचा दरवाजा बंद होतो. मग तो शेजारच्या ब्रेकच्या तंतूत शिरतो, ब्रेकच्या तारेने आडमार्गाने उजव्या बाजूच्या ब्रेकच्या तंतूकडे जातो, आणि तेथला अर्थ चांगला असल्यामुळे तेथून परततो. एकाच्या वाटणीची वीज तीन तंतूंत वाटली गेली, मग एकही नीट कसा पेटणार? ब्रेक दाबून पाहिला, तेव्हा ही चोरवाटही अडली आणि डावा मागचा दिवा पार मावळला. स्कूटरवाल्याच्या वेळी नेमके हेच घडले होते. ती मुलगी वळताना ब्रेक दाबीतच होती. आणि त्याच क्षणी, ज्या क्षणी इशाऱ्याची खरी गरज होती, तो दिवा विझला होता.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी खटका दाबला होता, हे खरे होते." मी म्हटले, "खरे होते. पण मागच्याला ते दिसले नाही, हेही तितकेच खरे."

दिव्याचे घर उतरविले. त्याच्या रबरी बैठकीखाली, बोल्टाभोवती, सुंदर चकचकीत रंग होता. काही वर्षांपूर्वी गाडीला नवा रंग दिला, तेव्हा कारागिराने ह्या जागाही प्रेमाने रंगविल्या होत्या. रंग म्हणजे विजेला भिंत. गाडी देखणी झाली आणि दिव्याचा अर्थ गेला. इतके दिवस तो मळसूत्राच्या एखाद्या कडेवर कसाबसा टिकून होता. पावसाळ्यातल्या गंजाने तोही संपला. नातीने स्वतःच्या हाताने ती जागा लोखंड उजळेपर्यंत घासली, दाते असलेला वॉशर घातला, वर व्हॅसलिनचे बोट फिरविले. शिवाय खात्रीसाठी दिव्याच्या घरापासून गाडीच्या अंगापर्यंत एक स्वतंत्र काळी तार जोडली. काळी, कारण रंगांची भाषा मोडायची नाही. उद्या दुसऱ्या कोणाला ती वाचावी लागेल. उजवा दिवाही त्याच पद्धतीने बसविला. मग डावा इशारा दिला. दोन्ही दिवे एका तालात, ठणठणीत लुकलुकू लागले. ब्रेक दाबला तरी ताल ढळला नाही.

ह्या सगळ्या कामाला खर्च किती आला, ते सांगितले तर आपण हसाल. एक कागद, चार वॉशर, दोन हात तार. नवे वायरिंग तर लागलेच नाही, आणि ते घालणे योग्यही झाले नसते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच त्यांत जुनी गाडी म्हणून मान्यता मिळते, आणि ती रोजच्या कामासाठी नव्हे, तर प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मूळ रूप राखायचे म्हणजे दोषांसकट राखायचे असे मात्र नव्हे. म्हाताऱ्या माणसाला आपण त्याचे वय बदलून तरुण करीत नाही. पण त्याला ऐकू यावे, दिसावे, ह्याची काळजी घेतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तर हे उलट्या बाजूनेही लागू आहे. तिचे ऐकू यावे आणि ती दिसावी, हा रस्त्यावरच्या इतरांचा हक्क आहे. जुनेपणाच्या कौतुकात त्या हक्काला सूट मिळत नाही.

जाता जाता, ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, त्यांना शिक्षकाच्या सवयीने तीन गोष्टी सांगतो. वस्तू बदलण्यापूर्वी वर्तुळ तपासा; दोष जेथे दिसतो तेथेच असतो असे नाही. विजेच्या कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे टोक सोडा आणि आपल्या गाडीत अंगाला कोणते टोक जोडले आहे ते पाहून घ्या. आणि गाडी बाहेर काढण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी मागे उभे करून प्रत्येक दिवा लावून दाखवा. ब्रेक दाबून, आणि इशारा देऊन, दोन्ही एकदम. आसनावर बसलेल्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही गाडी बाहेर काढली. मी शेजारी बसलो; वहिनी दारात उभ्या होत्या. त्याच डावीकडच्या गल्लीशी आलो. नातीने खटका दाबला, समोरचा हिरवा बाण लुकलुकू लागला. तेवढ्यावर ती थांबली नाही. छप्पर उतरविलेलेच होते. तिने उजवा हात बाहेर काढला आणि जुन्या नियमाप्रमाणे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने तो गोल फिरविला. मागून एक स्कूटर येत होती. ती हळू झाली, थांबली, आणि आम्ही वळलो.

मी विचारले, "दिवा चालू असताना हात कशाला?"

ती म्हणाली, "त्या दिवशीचा राहिला होता, आजोबा."

परत येताना गल्लीच्या तोंडाशी तिने भोंगा एकदाच, हलकेच वाजविला. गिऱ्हाइकाला वहिनींनी त्याच संध्याकाळी नकार कळविला.